‘द फनहाउस’ : जत्रेत रात्रभर कोंडलेल्या पोरांचा सिनेमा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही नांदेडचे काही मित्र महिन्यातून एकदा जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर लावतो आणि संपल्यावर तासभर बोलत बसतो. माळेगावच्या यात्रेच्या आधल्या आठवड्यात मुद्दाम ‘द फनहाउस’ हा जुना अमेरिकन भयपट लावला. तेव्हापासून फोनवर, चहाच्या टपरीवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न आले. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हे. शेवट फोडणारे प्रश्न सगळ्यात खाली ठेवलेत, तिथं तसं लिहिलंही आहे.

गोष्ट काय आहे?

गावात फिरती जत्रा आलेली असते. ॲमी नावाच्या मुलीला वडील बजावतात, तिकडं जायचं नाही. कारण हीच जत्रा आधी ज्या गावात होती तिथं दोन मुली मेलेल्या सापडल्या होत्या. ॲमी घरी सिनेमाचं नाव सांगते आणि बझ, लिझ, रिची या तिघांबरोबर जत्रेतच जाते. पाळणे, जादूगार, भविष्य सांगणारी बाई, सगळं फिरून होतं. मग रिची टूम काढतो की आजची रात्र फनहाउसमध्येच, म्हणजे जत्रेतल्या भूतबंगल्यातच, लपून काढू. गाड्या थांबतात, दिवे मालवतात, बाहेरून कुलूप लागतं. थोड्या वेळानं वरच्या मजल्याच्या फळ्यांच्या फटीतून पोरांना खाली एक खून होताना दिसतो. आणि खालच्यांना कळतं की वर कुणीतरी आहे.

ॲमीचा धाकटा भाऊ जोई घरातून गुपचूप सटकून तिच्या मागोमाग आलेला असतो. तो बाहेर मैदानात एकटाच फिरतोय, हे आपल्याला माहीत असतं, आतल्यांना नसतं.

कोणी केला, कधीचा आहे?

दिग्दर्शक टोबी हूपर. १९७४ चा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ त्याचाच आणि १९८२ चा ‘पोल्टरगाईस्ट’ही. ‘द फनहाउस’ युनिव्हर्सल कंपनीनं १३ मार्च १९८१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. लांबी ९६ मिनिटं. चित्रीकरण फ्लोरिडात, मायामीच्या बाजूला झालं. ॲमी झालेली एलिझाबेथ बेरिज पुढं १९८४ च्या ‘अमेडिअस’मध्ये मोझार्टची बायको झाली. तिचा चेहरा ओळखीचा वाटला असं सांगणारे दोघे-तिघे भेटले, त्यांच्यासाठी हे उत्तर.

फनहाउस म्हणजे आपल्या जत्रेतला भूतबंगलाच ना?

जवळजवळ. आपल्याकडं लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा माळेगावला जो भूतबंगला लागतो त्यात आपण पायी चालत जातो. अंधारी बोळ, पायाखाली हलणाऱ्या फळ्या, मधेच काळे कपडे घातलेला एखादा पोऱ्या अंगावर येतो. सिनेमातल्या फनहाउसमध्ये रूळ आहेत. दोघादोघांनी छोट्या गाडीत बसायचं, गाडी दार ढकलून अंधारात शिरते, वळणावळणावर बाहुल्या उठतात, सांगाडे लोंबतात. या सगळ्या बाहुल्या दातेरी चाकं, साखळ्या आणि मोटरवर चालतात. ती यंत्रं मधल्या फळीमागं आणि तळघरात असतात. हे लक्षात ठेवून सिनेमा पाहा, कारण दिग्दर्शक आपल्याला हळूहळू बाहुल्यांच्या बाजूकडून यंत्रांच्या बाजूकडं नेतो.

दारावर एक जाडजूड यांत्रिक बाई बसवलेली आहे, तिचं हसणं थांबतच नाही. अमेरिकेतल्या जुन्या फनहाउसच्या दारावर अशा हसणाऱ्या बाहुल्या खरोखरच असायच्या.

त्यांची कार्निव्हल आणि आपली यात्रा, एकच का?

एक मोठा फरक आहे. आपल्या यात्रेला देव असतो. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबा असतो म्हणून बाजार भरतो. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं येतात, तमाशाचे फड लागतात, कुस्त्या होतात. आकाशपाळणा त्या सगळ्याच्या कडेला उभा राहतो. सिनेमातल्या जत्रेत ही कडाच तेवढी आहे, मधला गाभारा नाही. देवाचं नाव काढणारी एकच बाई आहे, एक वेडसर म्हातारी. पोरींना ती बजावते की देव बघतोय. कुणी तिच्याकडं लक्ष देत नाही.

सुरुवातीचा न्हाणीघरातला प्रसंग दुसऱ्या सिनेमांतून उचललाय का?

उचललाय आणि तो मुद्दामच. मुखवट्याच्या डोळ्यांतून बघत कुणीतरी सुरा घेऊन अंघोळ करणाऱ्या मुलीपर्यंत जातो. १९६० चा ‘सायको’ आणि १९७८ चा ‘हॅलोविन’ ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळतं. सुरा खोटा निघतो, मारेकरी म्हणजे भाऊ जोई. ॲमी इतकी चिडते की याचा बदला घेईन म्हणून त्याला धमकावते. ही धमकी विसरू नका, ती फार महागात पडणार आहे.

पहिला अर्धा सिनेमा नुसतं जत्रेत फिरण्यात जातो. कंटाळा नाही का येत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि इथं मी अजिबात माघार घेणार नाही. ते फिरणं हाच माझ्या मते सिनेमाचा जीव आहे. पोरं एकेका तंबूत शिरतात आणि प्रत्येक तंबू आधीच्यापेक्षा थोडा जास्त उघडा पडत जातो. भविष्य सांगणारी मादाम झेना पोरं खिदळली की चिडून, चारचौघींसारखी शिव्या देत त्यांना हाकलते. जादूगाराचा प्रयोग बघताना खेळ कुठं संपतो याची एक क्षण खात्री वाटत नाही. रंगाखालचं लाकूड दिसायला लागतं.

हे मला इतकं का भिडतं, ते सांगतो. मी बारा वर्षांचा होतो. बा माळेगावला खोंड विकायला आला होता आणि मला सोबत आणलं होतं. तिथं नागकन्येचा तंबू होता. भोंग्यावर बाप्या ओरडत होता, ‘तोंड माणसाचं, अंग नागाचं, आईच्या शापानं झालेली नागकन्या, या, बघा.’ आत लाकडी पेटीत नागाचं वेटोळं आणि वर एका पोरीचं खरं तोंड. तिनं डोळे फिरवून माझ्याकडं बघितलं आणि माझी बोबडी वळली. आरसा तिरपा लावून, पोरीचं धड आरशाआड दडवून हा खेळ करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या रात्री लघवीला म्हणून मी तंबूच्या मागं गेलो. तिथं गोणपाटावर तीच पोरगी बसली होती. माझ्याच वयाची. जर्मलच्या ताटलीत भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा. तिची माय मागं बसून तिचे केस विंचरत होती, गुंता निघत नव्हता आणि पोरगी ‘आई गं’ म्हणत भाकरी चावत होती. पाय लांब सोडलेले, दोन्ही पाय, टाचांना भेगा. पेटीतल्या नागापेक्षा त्या पायांची मला जास्त भीती वाटली. आपण बघू नये ते बघितलं असं वाटून मी पळत सुटलो. ‘द फनहाउस’मधली पोरं फळ्यांच्या फटीतून खाली बघतात, तेव्हा मला दरवेळी त्या टाचा आठवतात.

मुखवट्याआड कोण आहे? तो नट कोण?

फनहाउसच्या गाड्या लावणारा गडी फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा मुखवटा घालून वावरतो. तो मुखवटा युनिव्हर्सलच्याच १९३० च्या दशकातल्या सिनेमांमुळं जगभर ओळखीचा झाला. ॲमीच्या घरी टीव्हीवरही त्याच मालिकेतला सिनेमा चालू दाखवलाय. या गड्याचं काम वेन डोबा या नटानं केलं. त्याला संवाद जवळपास नाहीत. खांद्यांची ठेवण, मान आत ओढणं, हात कुठं ठेवावे ते न कळणं, एवढ्यावर त्यानं भूमिका उभी केली आहे. आतल्या चेहऱ्याची रचना रिक बेकरची. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, रंगभूषेच्या नियमित ऑस्कर पुरस्काराचा पहिला मान याच बेकरला मिळाला, तो मात्र दुसऱ्या सिनेमासाठी.

तीन वेगवेगळ्या तंबूंबाहेर पुकारा करणारे तीन माणसं आहेत ना, ते तिन्ही एकाच नटानं केलेत, केविन कॉनवेनं. फनहाउसचा पुकारेवाला हा त्या गड्याचा बाप. पुन्हा बघाल तेव्हा आवाज ऐका. तिन्ही पुकारे वेगळे, तरी घसा एकच.

मुखवटा निघाल्यावर दिसणारा चेहरा बघून आमच्या घरात वाद झाला. तुमचं मत काय?

वाद व्हायलाच पाहिजे. तो चेहरा मधोमध दुभंगलेला आहे, ओठ फाटलेला, नाक चिरलेलं. म्हणजे कित्येक लेकरं जे व्यंग घेऊन जन्मतात, तेच ताणून राक्षस बनवलाय. हूपरला त्या मुलाची कणव आहे, हे दिसतं. बापाच्या हातचा मार खाऊन तो स्वतःच्याच अंगावर बुक्क्या मारून घेतो, रडतो. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल वाईटच वाटलं. पण कणव दाखवून पाच मिनिटांनी त्याच चेहऱ्यानं प्रेक्षकाला दचकवायचं, हे मला पटलं नाही. सिनेमा आवडतो म्हणून ही गोष्ट मी झाकणार नाही.

आपल्याकडं हे जास्त जपून बोलायला हवं. गरोदरपणी आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटला, असं आजही गावोगाव म्हणतात आणि सगळा दोष त्या माउलीच्या पदरात टाकतात. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे भाग एकमेकांना येऊन जुळतात. ते जुळायचे राहिले की फट राहते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात करतात, टाळूची त्यानंतर, वर्ष-दीड वर्षाच्या आत-बाहेर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ-टाळू हे त्यात मोफत उपचार मिळणारं व्यंग आहे. सिनेमा बघून कुणाच्या मनात आपल्या भावकीतलं एखादं लेकरू आलं असेल, तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आजच विचारा.

त्या दोन तोंडांच्या गायी खऱ्या होत्या का?

हो, जिवंत आणि खऱ्या. रंगभूषा नव्हे. जुळी वासरं गर्भात पूर्ण सुटी झाली नाहीत की असं होतं. पाच पायांचा बैल झूल घालून फिरवताना आपण सगळ्यांनी पाहिलाय, पाया पडून रुपयाही टाकलाय. अमेरिकेत त्याच जनावराला तिकीट लावून बघतात. मला ते दृश्य दुसऱ्यांदा बघवलं नाही, मी मान फिरवली.

भूत आहे का?

नाही. जे घडतं ते सगळं माणसंच करतात. पैशाच्या पेटीतून उचललेल्या नोटांपासून सगळं पेटतं.

पोरं दार तोडून बाहेर का पडत नाहीत? हे पटत नाही.

दारं बाहेरून लावलेली, खिडक्यांना गज, आतल्या वाटा मुद्दाम भूलभुलैयासारख्या. फनहाउस बांधतातच असं की माणसाला दिशा कळू नये. सिनेमात ही सोय कथेला कामी आली. खऱ्या आयुष्यात तिनं जीव घेतलेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लूना पार्कमधल्या ‘घोस्ट ट्रेन’ला ९ जून १९७९ च्या रात्री आग लागली आणि ७ जण गेले, त्यांतली ६ लेकरं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका करमणूक उद्यानातल्या भुताच्या वाड्यात ११ मे १९८४ ला आग लागून आत अडकलेली ८ पोरं गेली, सगळी किशोरवयीन. सिनेमा येऊन तीनच वर्षं झाली होती.

म्हणून कळकळीनं सांगतो. यात्रेत भूतबंगल्यात लेकरांना घेऊन शिरताना आधी बाहेर पडायची वाट कुठं आहे ते विचारा. कापड, थर्माकोल, लोंबणाऱ्या वायरी आणि एकच चिंचोळं दार असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, मागं फिरा.

फनहाउसमधलं खोटं भूत खरं निघाल्याचं कधी घडलंय का?

घडलंय, आणि ही हकिकत मी दरवेळी सांगतो. १९७६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथं एका टीव्ही मालिकेचं चित्रीकरण तिथल्या फनहाउसमध्ये चालू होतं. फासाला लटकवलेला एक पुतळा बाजूला करताना त्याचा हात तुटला आणि आत माणसाचं हाड दिसलं. तो एल्मर मॅकर्डी नावाच्या दरोडेखोराचा मसाला भरलेला मृतदेह होता. १९११ मध्ये तो पोलिसांच्या गोळीनं मेला होता. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही म्हणून ते खेळवाल्यांच्या हाती पडलं आणि गावोगाव तिकीट लावून दाखवलं गेलं. पुढं तो कधी माणूस होता, हेच सगळे विसरले. १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या गथ्री गावी त्याला माती मिळाली. सहासष्ट वर्षांनी.

कादंबरीवरून काढलाय का?

उलट आहे. पटकथेवरून डीन कूंट्झनं ओवेन वेस्ट या टोपणनावानं कादंबरी लिहिली. सिनेमा लांबला आणि पुस्तक १९८० मध्येच बाजारात आलं, म्हणून तसा समज झाला. पुस्तकात त्या पुकारेवाल्या बापाचा पूर्वेतिहास पुष्कळ आहे, पडद्यावर त्यातलं काहीच नाही.

यावर बंदी होती म्हणतात.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात भयपटांच्या व्हिडिओ कॅसेटवरून मोठं काहूर उठलं, तेव्हा आक्षेपार्ह कॅसेटच्या यादीत याचं नाव आलं होतं. पण खटल्यात तो दोषी ठरला नाही. त्या यादीतल्या इतरांशी तुलना केली तर यात रक्त कमीच आहे.

आठवी-नववीच्या लेकरांना दाखवावा का?

नाही. खून आहेत, नशा आहे, नग्नता आहे, पैसे देऊन केलेल्या शरीरसंबंधाचा प्रसंग आहे. आम्ही अठरा वर्षांखालच्यांना दारातूनच परत पाठवलं आणि त्यावरून दोन ओळखीचे रागावलेही.

मोबाइलवर बघितला तर चालेल?

चालेल म्हणवत नाही. छायाचित्रकार अँड्र्यू लाझ्लोनं रुंद चौकट वापरलीय. माणूस एका कोपऱ्यात आणि उरलेल्या अंधारात काय आहे ते आपण शोधत राहायचं, अशी ती मांडणी आहे. हाताएवढ्या पडद्यावर तो अंधार उरत नाही. निदान घरच्या टीव्हीवर, दिवे घालवून बघा. जॉन बीलचं पार्श्वसंगीतही छोट्या स्पीकरात चेपून जातं.

असा सिनेमा आपल्या यात्रेवर होईल का?

जशाच्या तसा होणार नाही, कारण आपली यात्रा रात्री झोपत नाही. फड पहाटेपर्यंत चालतो, बैलगाड्यांखाली माणसं पडलेली, चुली धुमसत असतात. कुलूप लावून निघून जाणार तरी कोण? करायचाच झाला तर मी यात्रा फुटायच्या दिवसाचा करेन. अर्धे तंबू उतरलेत, पाळण्याचं कडं उभं आहे पण पाळणे काढलेत, धुरळ्यात शेण आणि रेवड्यांचे कागद. त्या दिवशी माळेगावचं माळरान खरंच भयाण दिसतं.

(इथून पुढं शेवट फुटतो.) कोण वाचतं?

एकटी ॲमी. तळघरातल्या यंत्रांपाशी शेवटची झटापट होते आणि तो मुखवटेवाला दातेरी चाकांत सापडतो. उजाडल्यावर ती बाहेर पडते, कुणाशी काही न बोलता चालत राहते आणि वर ती यांत्रिक बाई हसतच असते.

आई-वडील तिथं येऊनही ॲमीला घेऊन का जात नाहीत? डोळ्यांत पाणी आलं.

जत्रेतल्या एका माणसाला जोई सापडतो, तो फोन करून आई-वडिलांना बोलावून घेतो. ॲमी तेव्हा फनहाउसच्या आत मोठ्या पंख्याच्या जाळीपाशी पोचलेली असते. पात्यांमधून तिला आई दिसते, वडील दिसतात, गाडी दिसते. ती जिवाच्या आकांतानं हाका मारते. पंख्याच्या घरघरीत एकही हाक बाहेर जात नाही. जोई ज्या बहिणीच्या मागं इथवर आला, तिच्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. न्हाणीघरातली ती धमकी आठवते? गाडी निघून जाते. साऱ्या सिनेमात मला सगळ्यात जास्त घाबरवतो तो हा पंखा.

नागकन्येच्या तंबूमागून पळालो त्या रात्री मी वाट चुकलो होतो. मौत का कुआँच्या लाकडी फळ्यांना टेकून उभा राहिलो, कारण तिथं उजेड होता. आत मोटारसायकली फिरत होत्या, फळ्या पाठीला थरथर लागत होत्या, पेट्रोलचा वास नाकात गेला होता. तिकडं भोंग्यावर बा तासभर माझं नाव पुकारायला लावत होता, हाफ चड्डी, पांढरा सदरा, पायात चप्पल नाही. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. खेळ संपून गाड्या थांबल्या तेव्हा माझं नाव शेवटचं एकदा ऐकू आलं आणि मी आवाजाच्या दिशेनं धावलो.

बा काही बोलला नाही. खोंड विकलं गेलं होतं, रिकामं दावं त्याच्या हातात होतं. ते त्यानं माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं आणि उजाडेपर्यंत सोडलं नाही.